घरच्या घरी आइन्स्टाइन खोडून काढण्याची कृती

सापेक्षतावादात काहीतरी गफलत आहे, अशी शंका माणसाला आयुष्यात दोनदा येते. एकदा कॉलेजात, परीक्षेच्या आदल्या रात्री. ती निकालाबरोबर विरते. दुसऱ्यांदा निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, आणि ही मात्र मुक्कामाला येते. पुढच्या सूचना या दुसऱ्या शंकेच्या मालकांसाठी आहेत. गणित आलंच पाहिजे अशी अट नाही.

सुरुवात नेहमी शेवटापासून करावी. न्यूटन, मॅक्सवेल, कलनशास्त्र हे मधले थांबे वेळखाऊ असतात, आणि तिथे उतरलेला माणूस पुष्कळदा शंका विसरून तिथेच रमतो. तेव्हा थेट ‘प्रकाशाच्या वेगाने पळणाऱ्या गाडीतून पुढे बॅटरी मारली तर?’ इथे यावं. हा प्रश्न जगात पहिल्यांदा आपल्यालाच पडला, असं धरून चालावं. आइन्स्टाइनला वयाच्या १६व्या वर्षी प्रकाशकिरणाच्या मागे धावण्याची अशीच कल्पना सुचली होती आणि तिचं उत्तर हाती यायला १९०५ साल उजाडलं, असं कुठे वाचनात आलं तर पान उलटावं.

मग त्याचं चरित्र पाठ करावं, पण बेताने. ‘तो तर पेटंट कचेरीतला साधा कारकून होता’ एवढं वाक्य पुरे. आपणही कचेरीतच होतो, हे ऐकणाऱ्याच्या आपोआप लक्षात येतं. या कारकुनाकडे झुरिकच्या पॉलिटेक्निकची पदविका होती, हे मध्येच सांगून गोष्टीचा रंग घालवू नये. ‘नोबेल त्याला सापेक्षतावादासाठी मिळालंच नाही’ हे हुकमाचं पान आहे आणि ते खरंही आहे. फक्त समोरच्याने ‘मग कशासाठी मिळालं?’ असं विचारलं की पंचाईत होते. ते मिळालं प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमासाठी. हा नियम प्रकाश सुट्या पुंजांनी येतो या कल्पनेतून निघाला. क्वांटमचा रस्ता पुढे गेला तो त्यातूनच, आणि क्वांटम खोडायचा आपला बेत तर पुढच्या महिन्याचा आहे.

आता प्रयोग. इथे घाई करू नये, कारण या सगळ्या उद्योगात हाताला (आणि तोंडाला) काही लागतं ते इथेच.

मायक्रोवेव्हमधली फिरती तबकडी आणि तिच्याखालचं चाकांचं कडं घरच्यांना विचारून काढून ठेवा. सपाट काचेच्या ताटलीत उडदाचे कच्चे पापड एकमेकांना भिडवून पसरा आणि ओव्हन अगदी थोडा वेळ चालवा. फोड दिसू लागले की बंद. पापड सगळीकडे सारखा फुललेला नसतो. काही जागी पांढरे फोड, मध्ये कच्चे पट्टे. आतल्या लहरी धातूच्या भिंतींवर आपटून परततात, जाणाऱ्या आणि येणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात, आणि जिथे त्यांचा जोर एकवटतो तिथे पापड आधी भाजतो. शेजारच्या दोन फोडांमधलं अंतर म्हणजे साधारण अर्धी तरंगलांबी. फोड शिस्तीत उमटतीलच असं नाही. पाच-सहा जोड्या मोजून सरासरी घ्या. ६ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी. दुप्पट केली की १२. ओव्हनच्या पाठीवर बहुधा २४५० मेगाहर्ट्झ असं छापलेलं असतं, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी लहरी. गुणाकार करा: सेकंदाला २९ कोटी ४० लाख मीटर. प्रकाशाचा खरा वेग २९ कोटी ९७ लाख ९२ हजार ४५८ मीटर. फरक २ टक्क्यांचा, आणि वर पापड खायला मिळतो. प्रकाशाला यायला वेळ लागतो एवढंच दाखवण्यासाठी १६७६ साली खगोलशास्त्रज्ञ रोमरला पॅरिसमध्ये गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांचा हिशेब मांडावा लागला होता.

एक अडचण आधीच सांगून ठेवलेली बरी. १९८३पासून मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावरून केली जाते. त्यामुळे तुमच्या पापडाने भलताच आकडा दिला तर प्रकाश दोषी ठरत नाही, फूटपट्टी ठरते. हा उघड पक्षपात आहे. अपील करायचं तर पॅरिसजवळ सेव्र इथे वजनमापांचं आंतरराष्ट्रीय कार्यालय आहे.

क्वांटमसाठी एक लेसर पॉइंटर आणि एक केस लागतो. केस स्वतःचा असेल तर उत्तम. नसल्यास घरात मागावा. लाल किरणाच्या वाटेत केस उभा धरला की २ मीटरवरच्या भिंतीवर ठिपक्यांची आडवी ओळ उमटते आणि ठिपक्यांत साधारण २ सेंटिमीटर अंतर पडतं. (किरण डोळ्यात जाऊ देऊ नये, ही सूचना गंभीर आहे.) इथवर सगळं लहरींचं राज्य. पण १९८९ साली जपानमध्ये तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले, तेव्हा पडद्यावर एकेक ठिपका पडत गेला आणि ठिपक्याठिपक्यांनी लहरींचेच पट्टे भरत गेले. इथे बुद्धी दमते. दमली की काही मंडळी उपनिषदांकडे वळतात, काही ‘क्वांटम’ पाण्याच्या बाटल्या विकायला बसतात. दोघांनाही नम्रपणे एकच विचारावं: तुमच्या म्हणण्याप्रमाणे दोन पट्ट्यांत अंतर किती येईल?

सोसायटीच्या हॉलमध्ये व्याख्यान ठेवाल तेव्हा निमंत्रणासोबत मोबाइलवर लोकेशन पाठवू नका. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात: गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ने पुढे, वेगामुळे ७ने मागे. हिशेब दोन्हीकडे आइन्स्टाइनचा. ही दुरुस्ती केली नाही तर नकाशा दिवसाला १० किलोमीटरच्या आसपास भरकटू लागेल. सापेक्षतावाद खोटा आहे हे ऐकायला माणसं त्याच्याच मदतीने बरोबर दारात येऊन पोचली तर शोभत नाही.

शेवटची पायरी पत्राची. ‘ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोसांनी १९२४ साली आइन्स्टाइनला पत्र पाठवलं, त्याने स्वतः जर्मन भाषांतर करून ते छापवलं, मग आम्हीच काय घोडं मारलंय?’ हा युक्तिवाद सर्रास केला जातो. बोस विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत होते, आइन्स्टाइनचे निबंध त्यांनी मेघनाद साहांबरोबर आधीच इंग्रजीत आणले होते, आणि पत्राला जोडलेला लेख छापून ४ पानांचा झाला. त्यात प्लांकचं सूत्र नव्या वाटेने काढलेलं होतं. आपल्यावर होणाऱ्या अन्यायाबद्दल अवाक्षर नव्हतं.

पाकीट बंद करण्याआधी जॉन बाएझ या गणितज्ञाने १९९२ साली बनवलेली गुणपत्रिका लावून पाहावी. ती वजा ५पासून सुरू होते. स्वतःची आइन्स्टाइनशी तुलना केली की १० गुण. चूक दाखवणाऱ्याला रोख बक्षीस लावलं की १०. क्रांतिकारक सिद्धान्त मांडून तपासता येण्याजोगं एकही भाकीत दिलं नाही की एकदम ५०. गुण जितके जास्त, तितकं पत्र टोपलीत लवकर पोचतं.

आइन्स्टाइनने १९१५ साली सांगून टाकलं होतं, की सूर्याच्या कडेला लागून जाणारा ताऱ्याचा प्रकाश सुमारे १.७५ विकला वळेल. न्यूटनच्या हिशेबाने निम्माच वळायला हवा. १९११मध्ये खुद्द आइन्स्टाइननेही निम्माच आकडा दिला होता आणि मग तो सुधारला. ही सवलत तुम्हालाही आहे. २९ मे १९१९च्या खग्रास ग्रहणात खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन प्रिन्सिपे बेटावर आणि दुसरी तुकडी ब्राझीलमध्ये सोब्रालला थांबली, छायाचित्रांच्या काचा मोजल्या गेल्या आणि कौल मोठ्या आकड्याकडे गेला. तुमचा आकडा १.७५ नसेल तर किती, ते पत्राच्या पहिल्याच ओळीत दशांशासकट लिहावं. लाल शाई चालेल.