आधी अर्थिंग, मग अँप्लिफायर

चतुर्थी जवळ आली की मुंबईहून सिंधुदुर्गाकडे निघालेल्या गाड्यांच्या डिकीत ट्रॉली स्पीकर असतोच. चाकांचा, लाल-निळे दिवे मारणारा, खोक्यावर हजारो वॉट छापलेला. त्या आकड्याला पीएमपीओ म्हणतात. तो मोजायची ठरलेली रीतच नाही, त्यामुळे छापणारा वाटेल तो छापतो. दुकानात विचारायचा असतो आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा आकडा. तोसुद्धा दुप्पट केला तर आवाज वाढतो तीन डेसिबलने, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. तरी लोक वॉटवर पैसे ओततात, आणि गावच्या भजनाचं रेकॉर्डिंग त्या डब्यावर लावलं की पखवाजाचा नुसता धडधडाट उरतो. आमच्या वाडीतल्या एका भजनी बुवांनी तो ऐकून एकच प्रश्न केला होता, ‘आवाज मोठो झालो, पण बुवा खंय गेलो?’

सिंधुदुर्गात स्पीकर पारखायला परदेशी टेस्ट डिस्क लागत नाही. डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचं, चांगलं रेकॉर्डिंग पुरतं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते, तिच्यामुळे तो खर्ज ओलसर, गोल आणि लवकर आवरणारा येतो. ट्रॉली स्पीकर सगळ्याच खर्जाला फुगवून एकसारखा दणका करतो. दुसरी परीक्षा झांजेची. व्हॉट्सॲपवरून आलेल्या दबलेल्या फाइलीत सगळ्यात आधी झांज मरते, तिची फरफर होते. पखवाज, झांज आणि मधून पेटीवर चढणारा बुवांचा गळा हे तिन्ही वेगवेगळे ऐकू आले तर स्पीकर घ्यावा. नाहीतर त्याचे दिवे कितीही नाचोत, दुकानातच ठेवावा.

यंदा घरात आलेल्या वस्तूंपैकी मला सगळ्यात आवडलेली वस्तू वाजत नाही. ती आहे अर्थिंगचा नवा खड्डा. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत वीज सहज उतरत नाही, उन्हाळ्यात तर अजिबात नाही. मीठ-कोळसा घालून पुरलेला पाइप जुन्या घरांत कधीच गंजून गेलेला असतो, आणि त्यावर आपण महागडा सर्ज प्रोटेक्टर लावून निर्धास्त होतो. जमिनीत जाणारी वाटच नसेल तर तो प्रोटेक्टर काय रोखणार? मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने किनाऱ्यावरचे खांब आडवे केले, वीज कित्येक दिवस गेली. पण यंत्रांचा खरा घात वीज परत येताना होतो, झटका तेव्हा बसतो. म्हणून आधी खड्डा, मग स्टॅबिलायझर, त्यानंतर अँप्लिफायरची चर्चा. आणि ढग गडगडले की प्लग हाताने काढायचा. त्याला पर्याय नाही.

दुसरी खरेदी वायरीची. शहरातले शौकीन शुद्ध तांब्याच्या वायरीवर जेवढं खर्चतात तेवढ्यात इथे आणखी एक स्पीकर येईल. खाऱ्या हवेत उघडं तांबं वर्षभरात काळं-हिरवं पडतं, मग ते किती शुद्ध होतं याला अर्थ राहत नाही. बोटींच्या वायरिंगला वापरतात ती कल्हई केलेल्या तांब्याची वायर घ्यावी, ती इथल्या हवेत टिकते. साधी असेल तर दर पावसाळ्यानंतर टोकं इंचभर कापून नव्याने सोलावीत.

स्पीकर घेताना कोनाभोवतीची कड फोमची आहे की रबराची, हे बोटाने दाबून बघा. फोम इथल्या दमटपणात काही वर्षांत भुगा होऊन गळतो, रबर टिकतं. कागदी कोन ओल पितो, पॉलिप्रॉपिलीनचा पीत नाही. एमडीएफची पेटी थेट लादीवर ठेवली तर खालून फुगते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या जिल्ह्यात या गोष्टी दुकानदाराने आपणहून सांगायला हव्यात. तो सांगत नाही, कारण त्याला आलेलं माहितीपत्रक कोरड्या शहरांसाठी लिहिलेलं असतं.

उतरत्या मंगलोरी कौलांचं, वर लाकडी माळा असलेलं माजघर ऐकायला फार चांगलं. तिथे आवाज स्लॅबच्या खोलीसारखा आपटत राहत नाही. स्लॅबच्या नव्या घरात गुळगुळीत फरशी, गिलाव्याच्या भिंती आणि काचेच्या खिडक्या, म्हणजे आवाज घुमणारच. तिथे मागच्या भिंतीला एक जाड गोधडी टांगावी, स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढावेत आणि दोघांमध्ये जेवढं अंतर तेवढ्याच अंतरावर समोर बसावं. याला एक पैसा लागत नाही. एवढं केल्यावर तेंडोलीच्या आरती प्रभूंचं ‘ये रे घना’ लावा. हृदयनाथांची चाल, आशाबाईंचा गळा. दोन शब्दांच्या मध्ये त्या कुठे श्वास घेतात हे ऐकू येईल. मी हे गाणं भक्तीने ऐकतो, आणि ते फोनच्या चपट्या स्पीकरवर वाजताना मला राग येतो.

पण सगळ्यात निकडीची गोष्ट अजून राहिली आहे. आपल्या कपाटांत डबलबारीच्या आणि दशावताराच्या कॅसेटी पडून आहेत. कुणी गिरगाव-लालबागहून आणलेल्या, कुणी बारीच्या रात्री पुढच्या रांगेत टेपरेकॉर्डर ठेवून स्वतः भरलेल्या. त्यांच्या फितीवर पांढरी बुरशी धरली आहे. दरवर्षीच्या पावसात त्यातला थोडा आवाज कायमचा जातो, आणि त्यातले अनेक बुवा आता नाहीत. पंचवीस हजारांचा साउंडबार घेणाऱ्या घराने त्यातले थोडे पैसे बाजूला काढून जुना कॅसेट डेक दुरुस्त करावा, त्याचे सैल झालेले रबरी पट्टे बदलावेत आणि कॅसेटी संगणकावर उतरवाव्यात. सीडीच्या दर्जाने, म्हणजे 44.1 किलोहर्ट्‌झ आणि 16 बिटने, दाबलेल्या एमपीथ्रीत नव्हे. बुरशी धरलेली फीत आधी साफ करून घ्यावी, तशीच चालवली तर ती डेकचं हेडही खराब करते.

सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर, वेंगुर्ल्याचं नगर वाचनालय या संस्थांनी पिढ्यान् पिढ्या पुस्तकं सांभाळली. त्यांनी आता आवाजासाठीही एक कपाट उघडावं, आणि कॅसेटीवर बुवांचं नाव, गाव, साल लिहून घ्यायला कॉलेजची चार मुलं बसवावीत. यंदा चतुर्थीला घरोघर भजनं होतील तेव्हा साधा रेकॉर्डर मंडळींपासून चार-पाच फुटांवर, छातीच्या उंचीवर स्टँडला लावा, भोंग्यापासून लांब. आणि ट्रॉली स्पीकर घेऊन निघालेल्या चाकरमान्यांनो, डिकीत जागा उरली असेल तर डोंबिवली-विरारच्या माळ्यावर पडलेली कॅसेटींची ती पिशवीही गावी घेऊन या.