झटपट दाजी

स्वयंपाकघरात शिरणाऱ्या पुरुषांच्या दोन जाती असतात. एकाला खरोखर स्वयंपाक येतो. तो मुकाट्याने कांदा चिरतो, आमटीला फोडणी देतो, ओटा पुसतो आणि बाहेर येऊन पेपर वाचत बसतो. त्याच्याविषयी लिहिण्यासारखं काही नसतं. दुसऱ्याला 'झटपट' येतं. थोरल्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, या दुसऱ्या जातीतले.

दाजींची हयात एका सरकारी खात्यात अंदाजपत्रकं करण्यात गेली. काम किती दिवसांत होईल हे सांगणं त्यांचं टेबल. ते होणं न होणं दुसऱ्याचं टेबल. निवृत्तीनंतर खातं सुटलं, टेबल सुटलं, पण अंदाज देण्याची सवय सुटली नाही. गॅसची नळी बदलायला पाच मिनिटं, गणपतीचं मखर पाच मिनिटं, पुण्याहून सोलापूर साडेतीन तास. आणि दुपारी चारची भूक? "काही नाही हो मेहुणे, फळं कापायची, दाण्याच्या लोण्यात बुडवायची. पाच मिनिटं!"

हे दाण्याचं लोणी, म्हणजे पीनट बटर, आलं अमेरिकेहून. दाजी-ताई मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून आले. तिथे सून नातवासाठी सफरचंदाच्या फोडी करायची आणि एका वाटीत पीनट बटर, घट्ट दही आणि मध फेटून द्यायची. पोरगा फोड बुडवून खायचा आणि वाटी चाटून पुसून ठेवायचा. मात्र हा खाऊ शाळेच्या डब्यात द्यायचा नाही. तिकडे पुष्कळ मुलांना शेंगदाण्याची जीवघेणी ॲलर्जी असते, म्हणून बऱ्याच शाळांत शेंगदाणा आत न्यायलाच बंदी. चड्डीच्या खिशात दाणे-गूळ भरून शाळेत गेलेल्या दाजींना हे ऐकून इतका धक्का बसला, की ते दोन दिवस सुनेशी बोलताना 'शेंगदाणा' हा शब्द हळू आवाजात उच्चारत होते.

परत आले ते ज्ञान घेऊनच. माँट्रियलच्या मार्सेलस एडसनने १८८४ मध्ये भाजलेल्या शेंगदाण्याच्या लगद्याचं पेटंट घेतलं. कॉर्नफ्लेक्सवाल्या केलॉगने १८९५ मध्ये दाण्यांच्या लोण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. बरणीवर 'पीनट बटर' लिहायचं तर आत निदान ९० टक्के शेंगदाणे हवेत असा अमेरिकेत नियम आहे. हे सगळं मला स्वारगेटच्या सिग्नलला, स्कूटरच्या मागच्या सीटवरून ऐकायला मिळालं. सिग्नल सुटला तेव्हा केलॉग चालू होता, मागचे हॉर्न वाजवत होते, आणि दाजी त्यांना हाताने 'थांबा' म्हणत होते.

विकतची बरणी मात्र त्यांना चालेना. त्यात तेल वर येऊ नये म्हणून बहुतेक कंपन्या थोडं हायड्रोजनेटेड तूप घालतात, म्हणजे आपल्या डालड्याचंच भावंड. "घरी करू," दाजी म्हणाले. "शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. वरून काही घालावंच लागत नाही. मिक्सर लावला की पाच मिनिटं."

त्या पाच मिनिटांचा हिशेब ताईच्या घरी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कळत नाही. सकाळी ताई मार्केट यार्डातून आणलेले दाणे निवडते. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजते. भाजणी कमी झाली तर लोणी कच्चट लागतं, जास्त झाली तर कडू, म्हणून तिला तिथून हलता येत नाही. दाणे निवले की दाजींच्या मातोश्री ते गॅलरीत घेऊन बसतात. ताई त्यांना 'आत्या' म्हणते, म्हणून आम्हीही आत्याच म्हणतो. ऐंशीच्या पुढच्या आहेत, माहेर-सासर दोन्ही सोलापूरकडचं. तळहातांत दाणे चोळायचे, सुपात घ्यायचे, टरफलं पाखडायची. फोलपटं उडून खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींवर बसतात, खालून हाक येते, ताई 'हो हो' म्हणते. कुणीतरी सफरचंदं धुतं, कुणीतरी दही फडक्यात बांधून टांगतं. एवढं झालं की दाजी झोपेतून उठतात, अमेरिकेहून आणलेला एप्रन बांधतात आणि म्हणतात, "हं. आता घड्याळ लावा."

मिक्सरचा खेळ मात्र बघण्यासारखा असतो, हे मी मान्य करतो. पहिल्यांदा नुसतं कूट होतं, खिचडीत घालतो तसं. इथे शंभरातले नव्व्याण्णव मराठी हात मिक्सर बंद करतात. पुढे जावं तर कूट भांड्याच्या कडांना चिकटून बसतं आणि पातं मधल्या मध्ये रिकामं फिरतं. थांबायचं, चमच्याने कडा खरवडायच्या, पुन्हा लावायचं. मग त्याचा गोळा होतो आणि तो भांड्यात धडाधड आपटत फिरतो. बिघडलं असं वाटण्याची वेळ ती हीच. पण धीर धरला तर गोळा सैल पडतो, तेल सुटतं, आणि एकाएकी सगळं चकचकीत होऊन वाहायला लागतं. भांडं हाताला चटका देण्याइतकं तापलेलं असतं.

दाजींकडे धीर नाही, अंदाज आहे. ते मधे थांबत नाहीत, खरवडत नाहीत. गोळा आपटायला लागला की बटण आणखी एक घर पुढे. मग मिक्सर एक दीर्घ हुंकार देतो आणि गप्प होतो. "लाइट गेले," दाजी म्हणतात. डोक्यावर पंखा फिरत असतो. ताई बाहेरून येते, मिक्सर आडवा करते, बुडाखालचं लाल बटण दाबते, सरळ करते आणि न बोलता जाते. ते बटण मोटरवर लोड आला की सुटतं हे घरात कामवाल्या मावशींसकट सगळ्यांना ठाऊक आहे. दाजींच्या लेखी 'लाइट आले'.

दाण्याचं लोणी जमल्यावर त्याचं बुडवण्याजोगं काही करायचं. पहिल्या खेपेला दाजींना ते घट्ट वाटलं. त्यांनी चमचाभर पाणी घातलं. पातळ व्हायचं सोडून ते आणखीच घट्ट झालं, चमचा उभा राहिला. दाजींनी चष्मा पुसला. आणखी अर्धा चमचा घातला, तर चमचा काढता येईना. "शेंगदाणा खराब निघाला," त्यांनी निदान केलं.

आत्या दारात उभ्या होत्या. "घाल की आणखी."

"अगं आई, पाण्यानेच तर झालंय हे."

"म्हणून तर म्हणते घाल. शेंगाची आमटी काय तुझ्या बापानं केली होती का कधी? थोडं पाणी शेंगा पिऊन टाकतात. भरपूर घातलं की सोडतात."

घातलं. आधी फुटल्यासारखं दिसलं, मग मऊ, फिकट, सायीसारखं झालं. दाजींनी ते सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाले, "याला इमल्शन म्हणतात." आत्यांनी बोटाने चाखून बघितलं. सोलापूरची शेंगाची चटणी तेल सुटेपर्यंत कुटतात; आत्यांच्या हाताखाली असं तेल सुटलेले दाणे आयुष्यात किती क्विंटल गेले असतील कोण जाणे. "चटणीतलं तिखट आणि लसूण काढलंय," त्या म्हणाल्या, "आणि त्यासाठी इमानाचं तिकीट काढून आला व्हय रे?"

खरं सांगायचं तर पदार्थ चांगला लागतो. दोन मोठे चमचे लोणी, तेवढाच चक्का, चमचाभर मध, चिमूटभर मीठ. सफरचंद आंबटसर आणि करकरीत असेल तर बहारच, आणि पिकलेल्या केळ्याबरोबर तर मला वाटीही पुरत नाही. पण दाजींचं समाधान 'चांगलं लागतं' यावर होत नाही. त्यांनी मंडईतल्या प्रत्येक फळाची चाचणी घेतली. द्राक्षाला लोणी धरेना. सालीवरून घसरून ते पुन्हा वाटीत पडे आणि दाजी पुन्हा द्राक्ष बुडवत. कलिंगडाला पाणी सुटून वाटीत तळं झालं. चिकूचा आणि लोण्याचा रंग इतका सारखा, की फोड बुडवली आहे की नाही यावर नवरा-बायकोत वाद झाला. पेरूच्या बिया आत्यांच्या कवळीखाली गेल्या. डाळिंबाचा एकेक दाणा दाजींनी टूथपिकने बुडवून बघितला, आणि त्याच्याही नावापुढे वहीत 'पाच मि.' असं लिहिलं. मे महिन्यात त्यांनी हापूसकडे नजर वळवली तेव्हा मात्र आत्यांनी आंब्याची पेटी आपल्या खाटेखाली सरकवून घेतली. देवगडच्या आंब्याला शेंगदाणा लावणाऱ्या माणसाला त्यांना आपल्या पोटचा म्हणून ओळख द्यायची नव्हती.

सफरचंदाच्या फोडी काळ्या पडतात यावरही दाजींकडे उपाय होता. एकदा लिंबू इतकं पिळलं की फोड तोंडात घालताच माझा एक डोळा आपोआप मिटला. वास्तविक वाटीभर पाण्यात जरासं मीठ घालून फोडी थोडा वेळ बुडवून काढल्या की काम भागतं, ताई वर्षानुवर्षं तेच करते. पण त्याला एप्रन लागत नाही. दाजी आता कापलेलं सफरचंद पुन्हा जसंच्या तसं जुळवून वर रबरबँड लावतात. फ्रिज उघडला की भाजीच्या कप्प्यात अशी सफरचंदं हातपाय बांधून ठेवल्यासारखी पडलेली असतात.

दाजींचं नशीब उघडलं ते आषाढी एकादशीला. ताईकडे भजनी मंडळ यायचं होतं, आणि खिचडी खाऊन अंगावर येते अशी बायकांची जुनी तक्रार. दाजींनी मुद्दा मांडला: शेंगदाणा उपासाला चालतो, फळं चालतात, दही चालतं, मध चालतो. चाळीस बायका, अर्धा तास. पण त्यांनी आदल्या दिवशीच्या लोण्यात वासासाठी व्हॅनिलाचे दोन थेंब घातले होते. ताई थबकली. व्हॅनिला उपासाला चालतो का? शेजारच्या काकूंना विचारलं, त्यांनी त्यांच्या सासूबाईंना विचारलं. प्रकरण वर वर जात शेवटी आत्यांच्या कोर्टात आलं.

आत्यांनी क्षणभर विचार केला. "साबुदाणा कुठं पंढरीत पिकतो? तो चालतो ना? मग ह्याचं काय घोडं मारलंय?"

बाईंना इतिहास माहीत नसावा, पण निकाल बिनतोड होता. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो, बटाटा, रताळं, मिरची आणि खुद्द शेंगदाणा, सगळे मूळचे अमेरिका खंडांतले. युरोपीय गलबतांतून इकडे आले आणि आपल्या उपासाच्या ताटात असे पाट मांडून बसले, की वरीलाच कडेला सरकावं लागलं. हे मी मोठ्या उत्साहाने बोलून दाखवलं. दाजी म्हणाले, "मी तेच म्हणणार होतो."

अर्धा तास आदल्या रात्री आठला सुरू झाला. ताईने चार घाण्यांत दाणे भाजले, माझ्या बायकोने सालं काढली, मी चक्का फेटला. लाल बटण इतक्यांदा सुटलं की शेवटी आत्यांनी माळ्यावरचं उखळ काढायला लावलं. सकाळी बायका जमल्या, हरिपाठ झाला, आणि दाजी एप्रन बांधून दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहिले. समोर तयार लोणी, तयार चक्का, तयार फोडी. त्यांनी सगळं एका पातेल्यात ओतलं, पळीने चार वेळा फिरवलं, घड्याळ वर करून दाखवलं. टाळ्या पडल्या.

"पुरुष माणूस असून किती हौस!" एक बाई ताईला म्हणाल्या. "आमचे हे चहासुद्धा करत नाहीत. नशीब काढलंस हो." ताई उष्ट्या वाट्या गोळा करत होती. तिने मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, हे मला भाऊ असूनही सांगता यायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी दाजींनी काजूची घोषणा केली. काजू मऊ, म्हणून तीन मिनिटं. त्यामागोमाग बदाम, पिस्ता, अक्रोड, असं पंचवार्षिक नियोजन. ताईने शांतपणे सांगितलं की मिक्सर बिघडला, दुरुस्तीला टाकलाय, दुकानदार म्हणतो पार्ट मिळत नाही. मिक्सर त्याच रात्री पिशवीतून आमच्याकडे आला. झाकणाला मधोमध तडा गेलेला आणि त्यावर ताईने लावलेली चिकटपट्टी, हँडलला जुना हळदीचा डाग, सगळं जसंच्या तसं.

रविवारी दाजी आले. हातात पाव किलो काजू. थेट आमच्या ओट्याशी गेले, मिक्सर पुढे ओढला, झाकण लावलं, चिकटपट्टीवर तळहात दाबून धरला आणि बटण फिरवलं. थोड्या वेळाने हुंकार आला.

"काय मेहुणे, तुमच्याकडेही हीच कंपनी?" दाजी मिक्सर निरखत म्हणाले. "आमच्यापेक्षा बरा दिसतोय. घेतलात कितीला?"