आरंभराव

त्यांचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही. छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत ते एका आडनावानं राहतात, उस्मानपुऱ्यात दुसऱ्या आणि गारखेड्यात तिसऱ्या. औरंगपुऱ्याच्या जुन्या वाड्यांत तर एकेका वाड्यात दोन-दोन निघतील. आपण त्यांना आरंभराव म्हणू. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी वाळूजच्या कारखान्यात नाहीतर एखाद्या सरकारी कचेरीत, पोट शर्टाच्या बटणांशी हुज्जत घालणारं आणि नजर कायम पुढच्या वर्षावर. चालू वर्षाशी त्यांचं फारसं पटत नाही. "हे साल काही आपलं नव्हतं राव," असं ते साधारण फेब्रुवारीतच जाहीर करतात.

तुमच्या-आमच्या वर्षाला एक सुरुवात असते, आरंभरावांच्या वर्षाला अनेक. एक जानेवारी, गुढीपाडवा, एक एप्रिल, स्वतःचा वाढदिवस आणि दिवाळीतला पाडवा या मुख्य. शिवाय गरज पडेल तशा पोटसुरुवाती. एकदा सिंधी कॉलनीत चेटीचंडची रोषणाई दिसली, तर गाडी बाजूला लावून त्यांनी चौकशी केली. हेही नववर्षच आणि तेही पाडव्याच्या पाठोपाठ येणारं, म्हणजे पाडव्याला उठायला उशीर झाला तरी हाताशी एक मुहूर्त उरतो, हे कळल्यावर त्यांनी इतक्या मनापासून शुभेच्छा दिल्या, की मंडळींनी त्यांना आग्रहानं बसवून गोड प्रसाद खाऊ घातला. गोड सोडण्याचा संकल्प तेव्हा चालू होता. प्रसादाला तो लागू नसतो.

प्रत्येक सुरुवातीला दोन गोष्टी लागतात: एक संकल्प आणि एक जोड कपडे. त्यात कपडे आधी. यामागं आरंभरावांचा सिद्धांत आहे. माणूस आतून बदलायला फार वेळ लागतो. बाहेरून तो गुलमंडीवर अर्ध्या तासात बदलता येतो. मग आतल्याला बाहेरच्याची लाज वाटते आणि तोही बदलतो. सिद्धांतात खोट एवढीच, की आतले आरंभराव अत्यंत निर्लज्ज आहेत.

आमच्या कॉलनीतला नमुनाच घ्या. डिसेंबर संपता संपता त्यांच्या घरी ट्रॅकसूट येतो, बूट येतात, पावलं मोजणारं घड्याळ येतं. फ्रिजवर 'जीवनध्येयं' असा मथळा असलेला कागद लागतो: वजन पंधरा किलो कमी, रोज वीस पानं वाचन, रागावर ताबा, अस्खलित इंग्रजी, युरोप. अशा कागदाला आता व्हिजन बोर्ड म्हणतात आणि त्यावर चित्रं लागतात, हे चिरंजीवांनी सांगितल्यापासून त्यावर आयफेल टॉवर आला आणि एक पिळदार देहही आला. देहावर चेहरा आरंभरावांचा स्वतःचा. आधार कार्डाच्या झेरॉक्समधून कापलेला. त्यामुळे तो पैलवान आपल्याला नुकतीच अटक झाल्यासारखा बघतो.

एक जानेवारीला पहाटे ते गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशी हजर होतात. तिथं शहरातले यच्चयावत आरंभराव जमलेले असतात. नवे बूट, नव्या टोप्या, तोंडातून वाफा. या दिवशी टेकडीला गर्दी एवढी, की वर जायला जागा नाही हे कारण सगळ्यांना मिळतं. अर्ध्यावरून फोटो काढून मंडळी उतरतात आणि पोह्यांच्या गाडीभोवती पुढच्या वर्षभराचं नियोजन होतं. तीन तारखेला धुकं असतं. चार तारखेला साहेबांनी लवकर बोलावलेलं असतं. पाच तारखेपासून घड्याळ चिरंजीवांच्या मनगटावर जातं आणि क्रिकेटच्या मैदानावर बापाची दहा हजार पावलं पूर्ण करतं. ट्रॅकसूट मात्र संक्रांतीपर्यंत अंगावर असतो. रात्री झोपताना थंडीला तो फार चांगला. युरोपची सहल एका रविवारी डबे घेऊन म्हैसमाळला होते.

या साऱ्याचे खरे इतिहासकार म्हणजे त्यांचे टेलर, मास्टर. औरंगपुऱ्याजवळच्या बोळात त्यांचं टपरीवजा दुकान आहे आणि मापांच्या वहीत आरंभरावांचं सगळं आत्मचरित्र इंचांत लिहिलेलं आहे. पाडव्याचा कुर्ता-जाकीट शिवायला आरंभराव फेब्रुवारीतच जातात. श्वास ओढून, पोट आत घेऊन उभे राहतात आणि बजावतात, "मास्टर, थोडा टाइटच ठेवा. पाडव्यापर्यंत उतरणारच आहे."

मास्टर टेप कमरेभोवती धरतात, चष्म्यावरून बघतात आणि अदबीनं विचारतात, "साब, कमर आज की लिखूं, के पाडवे की?"

"पाडव्याची!" आरंभराव बाणेदारपणे सांगतात.

मास्टर पाडव्याची लिहितात, आजची कापतात आणि शिलाईत वर दोन इंच माया ठेवतात. परिणामी इतक्या वर्षांत आरंभरावांचा पाडव्याचा एकही कपडा तंग झालेला नाही. याचं श्रेय ते गोगाबाबा टेकडीला देतात.

गुढीपाडवा हा त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा आरंभ, कारण त्यात जिल्ह्याचा अभिमानही मिसळलेला. शालिवाहन शक इसवी सन ७८ मधला आणि ज्या शालिवाहनाच्या नावानं तो चालतो, त्याची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण, इथून पन्नासेक किलोमीटरवर. "नवीन वर्ष हा आपल्या जिल्ह्याचा माल आहे," ते म्हणतात. "बाकीचे फक्त वापरतात." शालिवाहनानं मातीचे सैनिक घडवले, त्यांच्यावर पाणी शिंपडून प्राण फुंकले आणि शत्रूला धूळ चारली, ही कथा ते दर पाडव्याला कॉलनीतल्या पोरांना रंगवून सांगतात. आत श्रीखंड ढवळत असलेल्या वहिनींच्या कानावर ती जाते.

"मीपण रोज सहाला पाणी शिंपडते," वहिनी तिथूनच म्हणतात, "पण आमच्याकडची माती काही हलत नाही."

गुढी उभी राहते. तिला साखरेची गाठी, कडुलिंबाचा डहाळा, वर पालथा तांब्या. कडुलिंबाची चटणी आरंभराव तोंड वाकडं न करता खातात, कारण समोर मोबाइल धरलेला असतो. तिच्या जोरावर वर्षभराचं रक्त शुद्ध झालं असं ठरवून श्रीखंडाची तिसरी वाटी घेतात. त्याआधी शोभायात्रा. डोंबिवलीत नव्वदीच्या अखेरीस सुरू झालेली ही रीत गावोगाव गेली आणि तिनं आरंभरावांसारख्यांना हक्काचा रंगमंच दिला. भरजरी जाकीट, इलॅस्टिकचं तयार धोतर, करकरणारी कोल्हापुरी आणि तुऱ्याचा फेटा. फेटा बांधणाऱ्याला ते "घट्ट बांधा" म्हणून सांगतात, त्यामुळे क्रांती चौक येईपर्यंत कपाळ ठणकू लागतं. कोल्हापुरी त्याआधीच हातात आलेली असते. तरी चेहऱ्यावर स्वराज्याची सगळी जबाबदारी असते, ती फोटो निघेपर्यंत. मग यात्रा पुढं जाते आणि आरंभराव गुलमंडीकडे इमरती घ्यायला वळतात.

त्यांच्या शेजारून चालणाऱ्या वहिनी मात्र दर पाडव्याला तीच पैठणी नेसतात, लग्नातली. नारळी काठ, पदरावर मोर. एकेक पैठणी विणायला कारागिराला महिनोन्‌महिने लागतात. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या दिवशी आरंभरावांनी स्वतःचंच काही मंजूर झाल्यासारखे पेढे वाटले होते. वहिनींना या पैठणीत कधी कमी करावं लागलं नाही की वाढवावं लागलं नाही. मास्टरांच्या वहीत त्यांचं पानच नाही.

एक एप्रिलला आर्थिक शिस्त असते. तिला निळ्या रेघांचा इस्त्रीचा शर्ट आणि नवं पेन लागतं. कोऱ्या वहीत खर्चाची पहिली नोंद त्या शर्टाची आणि दुसरी पेनाची होते. तिसरी होत नाही. दिवाळीचा पाडवा साडेतीन मुहूर्तांतला अर्धा, म्हणून संकल्पही अर्धा: चहात साखर निम्मी. कप दुप्पट होतात, पण त्याबद्दल पंचांगात काही लिहिलेलं नाही.

कुणी चेष्टा केलीच, तर आरंभराव शहराचा दाखला देतात. "मलिक अंबरानं १६१० मध्ये खडकी वसवली. तिचं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. अख्ख्या शहराला इतक्यांदा नव्यानं सुरुवात करता येते, मग मला का नाही?"

मुहम्मद तुघलकाचं नाव ते घेत नाहीत. पण माझ्या मते खरा मूळपुरुष तोच. १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवायची, केवढा दणदणीत संकल्प! लोक निघाले, वाटा तुडवल्या, किल्ल्याखाली गाव वसलं आणि काही वर्षांत सुलतान पुन्हा दिल्लीला. त्याच्याबरोबर आलेल्या विणकरांकडून इथं हिमरू रुजलं, असं सांगतात. म्हणजे संकल्प गेला आणि कापड राहिलं. आरंभरावांचं कपाट उघडलं की हाच इतिहास हँगरवर टांगलेला दिसतो: वाचनाच्या वर्षाची खादी, योगाच्या वर्षाचा पांढरा झब्बा, उद्योजक व्हायच्या वर्षाचा काळा टी-शर्ट आणि सगळ्यांत पुढं हिमरूचं जाकीट, सुताला रेशमाची झळाळी दिलेलं.

पैठणहून या शहराला तीन गोष्टी येतात: शक, साडी आणि पाणी. पहिल्या दोन वेळेवर येतात. जायकवाडीचा नाथसागर काठोकाठ भरलेला असो, आमच्या नळाला पाणी दिवसांचे दिवस वाट पाहून येतं आणि बरेचदा मध्यरात्रीच येतं. आरंभराव खरे पाहायचे ते त्या रात्री.

भोकं पडलेलं बनियान, नाडी लोंबणारी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, खांद्यावर पाइपाचं वेटोळं. गजर लावलेला नसतो. नळात पहिली हवा फुसफुसली की ते ताडकन उठतात. हौद, टाकी, पिंप, ड्रम, शेवटी कुकरसुद्धा. मग दुसऱ्या मजल्यावरच्या एकट्या आजींचं पिंप, त्यासाठी बादल्या घेऊन जिन्यावरून वर-खाली. शेजाऱ्यानं नळाला थेट मोटर लावून सगळं पाणी ओढलं तरी आवाज न चढवता, हात जोडून त्याची समजूत काढतात. नव्या दाक्षिणात्य भाडेकरूचं दार वाजवून "वॉटर कमिंग! फास्ट, फास्ट! आफ्टर, नो वॉटर!" असं न अडखळता सांगतात. पहाटेपर्यंत फ्रिजवरचा व्यायाम, रागावरचा ताबा आणि इंग्रजी, तिन्ही पार पडलेली असतात. फोटो कुणी काढत नाही, कारण त्या बनियानात काढण्यासारखं काही नसतं.

यंदा, शके १९४८ लागताना, चिरंजीवांनी नेमकी हीच गोष्ट वडिलांच्या नजरेस आणून दिली. "बाबा, तुम्ही उगाच टेकडीवर जाता. तुमचं खरं फिटनेस पाण्याच्या रात्री दिसतं." पोरगं चांगल्या मनानं बोललं होतं. आरंभराव गंभीर झाले. पाडव्याच्या मुहूर्तावर फ्रिजवर नवं ध्येय लागलं: 'जलव्यवस्थापन'. नळाच्या चित्राशेजारी तोच अटक झालेला पैलवान.

मग खरेदी निघाली. पाणी न शिरणारं जाकीट-पँट, गुडघ्यापर्यंत गमबूट, कपाळावर बांधायची बॅटरी. मास्टरांनी पान्यासाठी आणि पक्कडीसाठी वेगळे खिसे शिवून दिले आणि माया ठेवली. पाण्याच्या दिवशी आरंभराव संध्याकाळीच सगळं चढवून अंगणात उभे राहिले. सगळ्या कॉलनीनं बघितलं. फोटो निघाले, गटावर गेले, अंगठे आले. दोन वाजताचा गजर लावून, गमबुटांसकट, ते सोफ्यावर जरा टेकले.

पाणी दीडला आलं आणि सव्वादोनला गेलं. गजर वाजला होता, पण कपाळावरची बॅटरी कानांवरून घट्ट बांधलेली असल्यानं तो शेजाऱ्यांनाच ऐकू गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या हौदात थेंब पडला नाही. आजींचं पिंपही कोरडं. सकाळी टँकर मागवावा लागला आणि त्याची नोंद आर्थिक शिस्तीच्या वहीत झाली. तिसरी.

वहिनी काही बोलल्या नाहीत. गमबूट त्यांनी भांडेवालीला देऊन दोन डबे घेतले. जाकीट-पँट चिरंजीवांकडे गेली. मग फरशी पुसायच्या फडक्यांतून त्यांनी ते जुनं बनियान शोधून काढलं, धुतलं, वाळवलं आणि उशाशी ठेवलं. त्याला सुई लावायची नाही, त्याचा फोटो काढू द्यायचा नाही आणि फ्रिजवर त्याचं नाव येऊ द्यायचं नाही, हा वहिनींचा यंदाच्या पाडव्याचा संकल्प. कॉलनीत एवढा एकच अजून टिकून आहे आणि हौद भरलेला असतो.