चार चाकं, पाच तेलं, सतराशे सल्ले

गाडी घेणं ही या शहरात खासगी बाब नाही, हे जगाला २०१० साली कळलं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये औरंगाबादकरांनी गट करून एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा होता आणि त्याची चर्चा देशभर झाली. पुढे शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, रस्त्यावरच्या गाड्यांची उंची वाढली, एमएच-२० च्या पाट्या सनरूफवाल्या गाड्यांवर झळकू लागल्या. पण सगळ्यांनी मिळून ठरवायची सवय काही गेली नाही. गाडी घ्यायला दीडशे जण जमले होते. इंजिन ऑइल कोणतं टाकायचं हे ठरवायला त्याहून थोडे कमी जमतात, एवढंच.

गारखेड्यातल्या एका थारवाल्याचंच घ्या. गाडी डिझेल, २.२ लिटरची, नाशिकच्या कारखान्यातून आलेली, गिअरच्या दांड्याशेजारी फोर-व्हीलचा आणखी एक दांडा असलेली. वॉरंटी होती तोवर गाडीच्या पोटात काय आहे याची त्याला फिकीर नव्हती. सर्व्हिस सेंटरवाले सांगतील तिथे तो सही करायचा. वॉरंटी संपली आणि त्याला स्वातंत्र्य मिळालं. स्वातंत्र्याच्या पाठोपाठ सल्लागार आले.

पहिला मान सासऱ्यांचा. कन्नडजवळ त्यांची शेती, आणि शेतात प्यूजोच्या डिझेल इंजिनाची जुनी महिंद्रा जीप. ‘‘जावईबापू, आमच्या जीपला पहिल्यापासून २०-४० चाललं. औट्रम घाट उतरून चाळीसगावला जाते आणि चढून परत येते अजून. तुमच्या गाडीला काय सोनं लागलंय?’’ सासऱ्यांचं म्हणणं त्यांच्या जीपपुरतं अगदी बरोबर होतं. त्या इंजिनात ना टर्बो, ना कॉमन रेल, ना धूर गाळणारी जाळी. भागांमधल्या फटी ऐसपैस, आणि जाड तेल त्या फटींना मानवायचं. जावयाच्या गाडीतलं इंजिन मात्र दुसऱ्याच पिढीतलं होतं. ते सासऱ्यांना कोण सांगणार?

दुसरा नंबर मेहुण्याचा. तो शेंद्र्याला नोकरीला. २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जातात तेच शेंद्रा. सुपर्ब, कोडियाक इथेच उभ्या राहिल्या. त्यामुळे त्या पट्ट्यात नुसता डबा खाणारा माणूसही तेलाच्या जर्मन दर्जांवर अधिकाराने बोलतो. ‘‘दाजी, फोक्सवॅगनचं ५०८ दर्जाचं तेल बघा. ०डब्ल्यू-२०. रंगच हिरवट असतो. काय क्लास वस्तू आहे!’’ दाजींनी विचारलं, ‘‘ते थारला चालतं का?’’ मेहुणा म्हणाला, ‘‘चालण्याचा प्रश्न नाही दाजी, क्लासचा प्रश्न आहे.’’

तिसरे आणि अंतिम अधिकारी म्हणजे रोशन गेटकडच्या गॅरेजातले उस्ताद. तेल पारखण्याची त्यांची पद्धत बघण्यासारखी. ते गेज ओढून काढतात, त्याच्या टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये घेतात, बोटं हळूहळू लांब करतात आणि मध्ये किती लांब तार सुटते ते एक डोळा मिटून बघतात. तार तुटली की तेल नापास. मग थेंब नाकाशी, मग पँटीला. शुक्रवारी नान-खलियाच्या थाळीत तर्री किती दाट आली आहे हे बघावं, त्याच नजरेने ते इंजिन ऑइलकडे बघतात. निकालही ठरलेला: ‘‘पतला है साब. इसमें जान नै. अपने यहाँ की गरमी में २०-५० होना.’’

इथे तेलाच्या डब्यावरच्या आकड्यांची बाजू मांडणं भाग आहे, कारण गॅरेजात त्यांच्या वतीने कोणी बोलत नाही.

१५डब्ल्यू-४० यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा लहान तितकं तेल थंडीत लवकर वाहतं. १५डब्ल्यू तेलाची थंडीतली परीक्षा उणे २० अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० अंशांवर. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या नोंदींतला नीचांक २ अंशांचा, तोही फेब्रुवारी १९११ मधला. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने, एसएईने, तेलाच्या जाडीची पहिली वर्गवारी त्याच १९११ साली काढली. म्हणजे हे शहर कधी नव्हे ते कुडकुडलं त्याच वर्षी तेलाला नंबर मिळाले. उणे अंशांचा प्रश्न इथे तेव्हाही आला नाही आणि नंतरही नाही, पण उणे ३० ला चालणाऱ्या तेलाचे डबे जालना रोडवर रोज विकले जातात.

मग ते घ्यायचं कशाला? कारण सकाळी चावी फिरवल्यावर तेल खालच्या हौदातून निघून वर टर्बोपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि इंजिनाची झीज त्याच वेळात जास्त होते. रात्रभर थंड झालेलं २०डब्ल्यू तेल संभाजीनगरच्या हिवाळ्यातही निवांत उठतं. ५डब्ल्यू चटकन पळतं. नव्या इंजिनांतल्या तेलाच्या वाटा अरुंद, त्यामुळे पळणारं तेल बरं.

दुसरा आकडा १०० अंशांवरच्या जाडीचा. ३० ग्रेडची श्यानता तिथे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० ची १२.५ ते १६.३. आता उस्तादांचा मुद्दा: इथली गरमी. मे महिन्यात पारा ४२ वर जातो हे खरं. पण इंजिनातलं पाणी थर्मोस्टॅट ९० अंशांच्या आसपास ठेवतो, मग बाहेर मे असो की डिसेंबर. उस्ताद तपासतात तो थेंब बोटावर येईपर्यंत ३५ अंशांवर आलेला असतो. १०० अंशांवर तो कसा वागतो, हे कळण्याइतकी कोणाची बोटं टणक नसतात.

खरी मेख जाडीत नव्हतीच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरकडच्या नळीत काजळी पकडणारी जाळी बसली, डीपीएफ. काजळी साचली की गाडी ती आपोआप जाळून टाकते. पण तेलातल्या रसायनांची राख जळत नाही, ती जाळीत बसून राहते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं तेल लागतं. युरोपातल्या एसीईए संस्थेच्या सी-३ प्रकारात राखेची मर्यादा ०.८ टक्का, अमेरिकेतल्या एपीआयच्या सीके-४ मध्ये एक टक्का. डब्यावर पुढच्या बाजूला ‘सिंथेटिक’ हे कितीही मोठ्या सोनेरी अक्षरांत असलं, तरी मागच्या बाजूला गाडीच्या पुस्तिकेने मागितलेला दर्जा बारीक टाइपात छापलेला नसेल तर ते सोनं सराफ्यातच शोभतं. सासऱ्यांचं २०-४०, मेहुण्याचं हिरवं आणि उस्तादांचं २०-५० या तिन्हींची हरकत एकाच ओळीत निघाली असती, पण डब्याची मागची बाजू वाचायला चष्मा लागतो आणि तो प्रत्येकाचा घरी असतो.

एवढं झाल्यावर थारवाला तेलाच्या दुकानात गेला आणि त्याने तो प्रश्न विचारला, जो ऐकायला दुकानदार सकाळपासून बसलेले असतात: ‘‘फोर बाय फोरसाठी स्पेशल काही आहे का?’’

‘‘आहे ना सर.’’ दुकानदाराने आधी दाखवलेल्या डब्यासारखाच दुसरा डबा काढला. याच्यावर डोंगर होता. डोंगरावर एक गाडी होती, तिची पुढची दोन चाकं हवेत होती. भाव डोंगराच्या हिशोबाने चढा होता.

आता इंजिनाचं सांगायचं तर त्याला खाली दोन चाकं फिरतात की चार, याचा पत्ता नसतो. त्याला फक्त ओझं कळतं. फोर-व्हीलची गाडी वेगळी ठरते ती इंजिनाच्या मागे. थारच्या छोट्या दांड्यावर टू-एच, फोर-एच, एन आणि फोर-एल अशी अक्षरं असतात. त्या दांड्याखाली ट्रान्स्फर केस असते, तिचं तेल वेगळं. पुढच्या डिफरन्शिअलचं वेगळं, मागच्याचं वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. इंजिन धरून पाच. शेंद्र्याच्या कोडियाक फोर बाय फोरमध्ये मागच्या चाकांना जोर देणारा क्लच असतो, त्याचंही स्वतःचं तेल असतं आणि ते ठरलेल्या मुदतीत बदलावं लागतं. या बाकीच्या तेलांबद्दल आजवर एकाही सासऱ्याने जावयाला छेडलेलं नाही.

आणि घोळ घालायला तिथेही भरपूर वाव आहे. गिअर ऑइलच्या डब्यावर ७५डब्ल्यू-९० लिहिलेलं असतं. ९० म्हणजे इंजिन ऑइलच्या ४० पेक्षा दुपटीहून दाट, असं कोणालाही वाटेल. पण दोन्हींची मोजपट्टीच वेगळी; ७५डब्ल्यू-९० ची जाडी इंजिन ऑइलच्या ४०-५० च्या आसपासच भरते. जीएल-४ आणि जीएल-५ हा आणखी एक सापळा. आकडा मोठा म्हणून जीएल-५ भारी, असं समजून ते जीएल-४ मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये ओतलं, तर त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं सिंक्रोच्या पितळी रिंगांना बाधू शकतात. डिफरन्शिअलच्या दातांना तीच रसायनं हवी असतात.

पाण्याचंही तसंच. नव्या थारची पाण्यातून जायची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे. त्याहून खोल ओढ्यात गाडी घातल्यावर मोबाइलवरचा व्हिडिओ छान येतो आणि डिफरन्शिअलमधलं तेल दुधाळ होतं. व्हिडिओ सगळ्यांना जातो, तेलाकडे कोणी बघत नाही.

तसा हा ओढा भेटतो तरी कधी? पावसाळ्यात म्हैसमाळला जावं तर वरपर्यंत डांबर. डांबरावर फोर-एच लावून वळणं घेतली तर पुढची-मागची चाकं एकमेकांना ताणतात आणि गाडी अडखळते. तो दांडा निसरड्या जमिनीसाठी आहे. अजिंठ्याच्या रस्त्याचं काम काही वर्षं रेंगाळलं होतं, तेव्हा सिल्लोडपर्यंतच्या प्रवासात फोर-व्हीलवाल्यांना गाडीचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले. ते सुखही रस्ता झाल्यावर गेलं. आता एक सासुरवाडीची पाणंद उरली. पावसाळ्यात कापसाच्या शिवारातली काळी माती टायरच्या खाचा अशा भरून टाकते की चाक नुसतं गरगरतं. तिथे फोर-एल लागतं. वर्षातून पोळ्याच्या सुमारास, तेही सासऱ्यांनी ट्रॅक्टर बांधावर तयार ठेवलेला असताना.

बाकी सारं वर्ष गाडी क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल्स अशी सिग्नलमागून सिग्नल उभी असते. मुलीला शाळेत सोडणं, दूध, भाजी, परत. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. इंजिनाच्या दृष्टीने खडतर वापर म्हणतात तो हाच. जाळीतली काजळी जाळायला गाडी जादा डिझेल सोडते, मध्येच चावी बंद झाली की त्यातलं थोडं खाली तेलात उतरतं, आणि गेजवरची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. थारवाल्याने ही वाढ आनंदाने उस्तादांना दाखवली होती: ‘‘बघा, गाडी तेल पीत नाही, उलट देते!’’ उस्तादांनी थेंब बोटात घेतला, वास घेतला आणि या वेळी मात्र ते अचूक बोलले: ‘‘डीझल उतरा है साब. इसको हायवे पे घुमाओ, फिर तेल बदली करो.’’

शेवटी निकाल बायकोने लावला. खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला निघताना ती कप्प्यात रुमाल शोधत होती. तेव्हा पार्किंगच्या पावत्या आणि वाळक्या नारळाच्या तुकड्याखालून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पुस्तिका निघाली. तिने पान उलटलं आणि ग्रेड, दर्जा, किती लिटर, किती किलोमीटर, हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून झालं तोवर गाडी पडेगावलाही पोचली नव्हती. मारुतीला वाहायचं तेल तिने वाटेत घेतलं. त्याच्या ग्रेडवर चर्चा झाली नाही.

पुस्तिकेतलंच तेल आणलं, पक्कं बिल घेऊन. झाकणाखाली मेकॅनिकसाठी कंपनीचं बक्षिसाचं कूपन होतं. कूपन खिशात गेल्यावर उस्तादांना त्या तेलात हळूहळू जान दिसू लागली. ‘‘थोडा उप्पर रहने दो,’’ म्हणत ते वरच्या खुणेच्या पुढे ओतणार होते. पण जास्त तेलात क्रँक घुसळून फेस होतो हे पुस्तिकेवाल्या बाईंना आता माहीत होतं. त्या गेजजवळ उभ्या राहिल्या. रिकाम्या डब्याला भोक पाडायलाही त्यांनीच लावलं, म्हणजे त्यात बनावट माल भरून तो पुन्हा बाजारात यायला नको.

जुनं काळं तेल सासऱ्यांनी मागून ठेवलं होतं, गोठ्याच्या चौकटीला वाळवी लागली म्हणून. २०१६ च्या नियमांनी ते घातक कचऱ्यात मोडतं, असं मेहुण्याने सांगून पाहिलं. सासरे म्हणाले, ‘‘वाळवीलाही घातकच पाहिजे ना?’’ तरीही डबा उस्तादांकडे राहिला, रिफायनिंगला नेणाऱ्याची गाडी तिथे यायचीच.

पाचशे किलोमीटरनंतर नवं तेल काळं झालेलं बघून थारवाला पुन्हा गॅरेजात हजर. डिझेलच्या तेलाने काजळी स्वतःत धरून ठेवायची असते, काळं पडलं म्हणजे ते काम करतंय, एवढं समजावून झालं. चहा आला. मेहुणा सोबत होता, तो टायरकडे बघत म्हणाला, ‘‘दाजी, हवा कोणती भरता? साधी की नायट्रोजन?’’

उस्तादांनी कप खाली ठेवला आणि स्टूल पुढे ओढलं.