वैशाखातलं जाकीट

आमच्या आणि वहिनींच्या अंगणामधली भिंत जेमतेम कमरेएवढी. तिच्यावरून कढीपत्ता जातो, विरजण येतं, आणि सांगलीतली कुठलीही बातमी पेपरच्या आधी पोचते. परवा मात्र वहिनी पदराखाली काहीतरी झाकून आल्या आणि आधी चारी बाजूंना बघून घेतलं. तेव्हाच मी ओळखलं, हे विरजण नव्हे.

"काकू, तुम्ही एवढी वर्षं मेडिकल चालवलंत. एक विचारू? कुणाला सांगायचं नाही हं."

"सांगितलंय का कधी?" मी म्हटलं. (सांगितलंय. पण ते सगळ्यांना ठाऊकच होतं.)

"आमच्या धाकट्याला झालंय तरी काय? वैशाखाचं ऊन, रस्त्यावरचं डांबर वितळतंय, आणि हा जाकीट घालून फिरतोय. घरातसुद्धा! परीक्षा संपली की पोरगा आयर्विन पुलाखाली कृष्णेत डुंबायचा, जेवायला हाका मारून घसा बसायचा माझा. यंदा पाण्याकडे फिरकला नाही. मावसभावाच्या मुंजीतही सोवळं नेसायला नको म्हणाला."

"प्रेमभंग?"

"तसं असतं तर परवडलं असतं हो! काल मित्राशी फोनवर बोलताना ऐकलं मी. 'मला गायनो झालाय' म्हणत होता. काकू, गायनो म्हणजे बाळंतपणाचे डॉक्टर ना? याचं काय काम तिकडे? माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं, कुणा मुलीचं काही..."

मला हसू आवरेना, आणि वहिनींचे डोळे भरलेले. मी घाईघाईनं सांगितलं, "तसलं काही नाही. पुरुषाच्या छातीत बाईसारखी गाठ वाढायला लागली की डॉक्टर त्याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. जिममधल्या पोरांनी त्याचं गायनो केलंय. ग्रीकमध्ये बाईला जो शब्द आहे, तोच दोन्हीकडे. तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांकडेही तोच."

"अगंबाई!" म्हणत त्यांनी पदराखालचा ऐवज भिंतीवर मांडला. दोन बाटल्या. एक काळी, तिच्यावर फुगलेल्या दंडाचं चित्र. दुसरी पांढरी.

मी चष्मा लावला. काळीवर इंग्रजीत वीतभर लांब रासायनिक नाव, शेवटी 'डायोन'. म्हणजे प्रोहार्मोन. म्हटलं, "वहिनी, हे भाकरीचं पीठ आहे, भाकरी नव्हे. पोटात गेल्यावर शरीर त्याचं पुरुषाचं हार्मोन करील, त्यानं दंड फुगतील, असा हिशेब. पण पीठ शरीराच्या हाती गेलं की मर्जी त्याची. अ‍ॅरोमॅटेज नावाचं एक एन्झाइम असतं आपल्या अंगात, चरबीत तर फार. ते त्या पिठाचं थालीपीठ थापतं, म्हणजे इस्ट्रोजेन करतं. बायकांचं हार्मोन. गडी आधीच गुटगुटीत असला तर थालीपिठं जास्त."

"गुटगुटीत तर आहेच. लहानपणापासून तूप खाऊन..." वहिनी क्षणभर अभिमानानं म्हणाल्या आणि मग जीभ चावली.

मला हे ठाऊक असण्याचं कारण माझा भाचा. तो 1998 मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला होता. त्या साली तिथल्या मार्क मॅग्वायर नावाच्या बेसबॉलपटूनं एका मोसमात 70 होमरन मारले. आधीचा विक्रम 61 चा, तो 1961 पासून टिकून होता. गाव वेडं झालं होतं, भाचा फोनवर दुसरं काही बोलेना. मध्येच एका वार्ताहराला मॅग्वायरच्या कपाटात अँड्रोची बाटली दिसली. अँड्रो म्हणजे अँड्रोस्टीनडायोन, या काळ्या बाटलीचा आजोबा. तेव्हा तिथे ते दुकानात राजरोस मिळायचं, कारण 1994 च्या कायद्यानं ते 'पूरक आहार' ठरत होतं. मग काय, पोराटोरांच्या त्याच्यावर उड्या.

"आणि उपयोग झाला?"

"तीच तर गंमत. 1999 मध्ये आयोवातल्या विद्यापीठात वीस तरुणांना आठ आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना त्यांतल्या सहा आठवड्यांत रोज 300 मिलिग्रॅम अँड्रो, निम्म्यांना नुसतीच खोटी गोळी. शेवटी ताकद दोघांची सारखीच वाढली. अँड्रोवाल्यांचं पुरुषी हार्मोन जिथल्या तिथे, इस्ट्रोजेन मात्र वर. शिवाय चांगलं कोलेस्टेरॉल खाली."

"म्हणजे पैसे देऊन थालीपीठ."

"पैसे देऊन. 2004 मध्ये अमेरिकेनं कायदा करून ते स्टेरॉइडच्या यादीत टाकलं, 2005 च्या जानेवारीत तो लागू झाला. पण एका रेणूला बंदी आली की त्याचा चुलतभाऊ नवं नाव लावून येतो. तुमच्या लेकानं कुठून मागवलंय कुणास ठाऊक."

"ऑनलाइन. मला म्हणाला प्रोटीन आहे. प्रोटीन म्हटल्यावर मी काय बोलणार? मीच दूध घालून द्यायचे ना!" त्या जरा घुटमळल्या. "पण ही काळी त्यानं दोन महिन्यांपूर्वीच बंद केलीय. छातीचं त्यानंतरच जास्त झालं म्हणे."

हेही नेहमीचंच. बाहेरून हार्मोनचा माल येतोय म्हटल्यावर शरीर आपला कारखाना मंद करतं. बाहेरचा माल थांबला तरी कारखाना लगेच सुरू होत नाही. तेवढ्या काळात इस्ट्रोजेनचं पारडं जड राहतं, आणि पोरगं बुचकळ्यात पडतं की आता तर काहीच घेत नाही मी!

मग मी पांढरी बाटली उचलली. 'इस्ट्रोजेन ब्लॉकर'. किंमत काळीपेक्षाही जास्त. आत क्रायसिन, झिंक आणि डीआयएम.

"हे डीआयएम काय?"

"कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली खाल्ली की पोटात तयार होणारं एक द्रव्य."

वहिनींनी भिंतीचा आधार घेतला. "कोबी? मी कोबीची भाजी केली की हा ताट सरकवून उठतो! आणि साडेतीन हजार देऊन बाटलीतला कोबी गिळतोय?"

"आणि क्रायसिन सापडतं मधात, प्रोपोलिसमध्ये. काचेच्या नळीत ते त्या एन्झाइमला अडवतं, हे खरं. पण तोंडावाटे घेतलं की रक्तात पोचतं नावाला. झिंक अंगात कमी असेल तर उपयोगाचं, नाहीतर शिंगाड्याची पूड फाकल्यासारखंच. आलेली गाठ यातल्या कशानं विरघळते, असं कुणी दाखवलेलं नाही. उलट असल्या बाटल्यांत लेबलावर न लिहिलेलं खरं औषध निघाल्याचीही उदाहरणं आहेत, म्हणजे आपण काय गिळतोय तेही कळायचं नाही."

खरा राग मला वेगळ्याच गोष्टीचा येतो. अमेरिकेत ज्या रसायनज्ञानं अँड्रो बाजारात आणलं, त्यानंच पुढे इस्ट्रोजेन रोखणारी गोळीही विकायला काढली. ढेकूण विकायचे आणि ढेकणाचं औषधही आपणच! धंदा म्हणून बघितलं तर आमच्यासारख्या मेडिकलवाल्यांनी तोंडात बोट घालावं.

"पण त्याच्या मित्राला गुण आला म्हणतात," वहिनी चिवटपणे म्हणाल्या.

"मित्र केवढा?"

"सतरा."

"मग कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल. तेराव्या-चौदाव्या वर्षी कित्येक मुलांना असं होतं आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. काहींचं रेंगाळतं. औषधानं झालेलंही, औषध लवकर थांबवलं तर पुष्कळदा बसतं. आपोआप गेलं तरी श्रेय घ्यायला बाटली टपलेलीच."

वहिनी जरा सैलावल्या आणि मग मुद्द्यावर आल्या. जिममधल्या 'सरांनी' एक गोळी लिहून दिलीय म्हणे. पदराच्या गाठीतून चिठ्ठी निघाली. टॅमॉक्सिफेन. वहिनींचा चेहरा पांढराफटक. "काकू, ही तर माझ्या नणंदेची गोळी. ऑपरेशननंतर पाच वर्षं घेतली तिनं. म्हणजे याला कॅन्सर..."

"नाही हो! छातीच्या पेशीत इस्ट्रोजेनला काम करू द्यायचं नाही, एवढंच ती करते. म्हणून नणंदबाईंनाही तीच आणि कधीकधी अशा मुलांनाही डॉक्टर तीच देतात. दुखरी, नवी गाठ असेल तर उतारही पडतो. पण रक्तात गुठळी करू शकणारी गोळी आहे, ती जिमच्या सरांच्या चिठ्ठीवर घ्यायची नसते."

दुकानात शेवटी शेवटी अशी पोरं फार यायची. गिऱ्हाईक हलेपर्यंत बाहेर मोबाइल बघत उभी. मग हळूच, "काकू, टॅमॉक्सिफेन आहे? मावशीला हवीय." चिठ्ठी? "घरी राहिली." एका आठवड्यात तीन मावश्या, तिघींचेही भाचे छाताड काढून चालणारे, पण दंडावर घट्ट शर्ट आणि वरून सैल जाकीट. मी कधी दिली नाही. आता वाटतं, नुसतं नाही म्हणण्यापेक्षा एखाद्याला बसवून चहा द्यायला हवा होता.

कारण लपवण्यातच यांचं वर्ष जातं. पहिल्या सहा-आठ महिन्यांत गाठ मऊ, हुळहुळी असते, तेव्हा औषधाला दाद देते. वर्ष उलटलं की आत चिवट धागे तयार होतात. मग गोळी, कोबी, झिंक, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. राहतो तो सर्जन. स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेनं छेद घेऊन गाठ काढतात.

"आणि लाजायचं काय त्यात?" मी आवाज खाली आणला. "आमच्या ह्यांना झालं होतं की."

"काय सांगता!" वहिनी भिंतीवर अर्ध्या पलीकडे आल्या.

"हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू होती. चार महिने बनियन घासतं, बनियन घासतं म्हणून कुरकुर. मी तीन दुकानांची बनियनं पालथी घातली. शेवटी आंघोळीनंतर दाखवलंन्, लाजत लाजत, बासष्टाव्या वर्षी! आणि मी मेडिकलवाली, माझ्या डोक्यात आलं नाही हो. डॉक्टरांनी गोळी बदलून इप्लेरेनोन दिली, हळूहळू बसलं. पण बोलू नका हं कुठे."

"सांगितलंय का कधी?" वहिनी म्हणाल्या.

मग ठरलं ते असं. आज रात्री वडील झोपल्यावर विषय काढायचा, कारण वडिलांना विनोद केल्याशिवाय राहवत नाही. मिरज हाकेच्या अंतरावर, हार्मोनचे डॉक्टर गाठायचे. ते दाबून बघतील, बोटाखाली बटणासारखी चकती लागतेय की नुसतीच चरबी. चरबी असेल तर पळून जाईल, चकती पळून जात नाही. रक्त तपासतील, यकृत, थायरॉइड, अंडकोशही बघतील, कारण क्वचित मूळ तिथे असतं. गाठ एकाच बाजूला, टणक, कडेला असली किंवा स्तनाग्रातून काही येत असलं तर मात्र उद्याच जायचं. पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो, शंभरात एखादा रुग्ण पुरुष असतो.

"आणि या बाटल्या कचऱ्यात टाकू?" वहिनींनी पांढरी हलवून बघितली. "अर्धी भरलीय हो अजून. साडेतीन हजार..."

"टाकू नका. डॉक्टरांना लेबल दाखवायचंय. घ्यायला मात्र त्याला देऊ नका."

तेवढ्यात फाटक करकरलं. जाकीट! गळ्यापर्यंत चेन ओढलेली, कपाळावरून घाम निथळतोय. वहिनींनी बाटल्या झटक्यात कढीपत्त्याच्या पिशवीत सारल्या आणि मी आवाज चढवला, "तर मग वहिनी, यंदा कुरडयांच्या चिकाला गहू कुठला घेताय?"

"खपलीच घ्यावा म्हणते! भिजत घालायला हवा आता."

पोरगं थबकलं. आईकडे बघितलं, माझ्याकडे, मग गच्चीवर पसरलेल्या साडीकडे.

"आई, कुरडया गेल्या आठवड्यात झाल्या की आपल्या."