पैसे देऊन जागल

आखाडा बाळापूरच्या माणसाला कुठलंही धरण दाखवा, तो आधी विचारतो, "किती टक्के?" पाणी निळं आहे की हिरवं, काठावर बगळे आहेत की बदकं, हे नंतर. पावसाळाभर पेपरातला धरणसाठ्याचा तक्ता वाचून वाचून नजरच तशी झालीय. अशा घरात पुण्याहून भाच्याचा फोन आला, "मामा, डिसेंबरात सगळे मिळून कॅम्पिंगला जाऊ. डोंगरातला तलाव पाहिजे, जवळ ट्रेक पाहिजे. जागा तुम्हीच ठरवा."

एकत्र कुटुंबाला "तुम्हीच ठरवा" म्हणणारा माणूस एक तर भोळा असतो, नाहीतर त्याला मुळात जायचंच नसतं. भाचा भोळा आहे.

पहिलं नाव निघालं इसापूरचं. आमच्याच कळमनुरी तालुक्यातलं, पैनगंगेवरचं, 1982 सालचं मातीचं धरण. चार किलोमीटर लांब भिंत, पलीकडच्या काठाला यवतमाळ जिल्हा, जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात हे असतं तर आम्हीच गाडी करून बघायला गेलो असतो. पण इसापूरशी आमचं नातं कॅनॉलचं आहे. तिथं बसून सूर्यास्ताचा फोटो काढायला लागलो, तरी मागून कुणीतरी म्हणणारच, "औंदा हळदीला पाळ्या पुरतील असं दिसतंय." आणि एकदा पाळीचा विषय निघाला की शेवटच्या टोकाला पाणी का पोचत नाही इथपासून फाटे फुटतात, सूर्य केव्हाच बुडालेला असतो.

बायकोनं लोणार सुचवलं. उल्का पडून झालेला, पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा. 2020 च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं आणि सगळ्या जगानं बघितलं. काठावरून झाडीतनं खाली उतरणारी वाट आणि तळाशी उभी असलेली जुनी देवळं, हे मला विचाराल तर निम्म्या नावाजलेल्या ट्रेकपेक्षा सरस. पण तेही अभयारण्य, आत तंबू ठोकता येत नाही. शिवाय आबांनी मूळ मुद्द्यावर बोट ठेवलं. "पोरगं डोंगरातला तलाव म्हणालं होतं. हा खड्ड्यातला."

चिखलदरा भाऊजींनी काढलं आणि अक्कानं पाडलं. लग्नानंतर दोघं तिकडेच गेले होते, गाविलगडावर त्यांचा काही वाद झाला होता, आणि तो अजून चालू आहे.

मग भाच्यानंच पवनेचे फोटो पाठवले. लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग असे चार किल्ले भोवती आणि मधे पाणी. जागा सुंदरच, त्यात वाद नाही. पण फोटोत किल्ला नखाएवढा आणि तंबू पन्नास. तंबूंवर लायटिंगच्या माळा, मधे एक गिटारवाला पोरगा. माणशी हजाराच्या वर दर. त्यात संध्याकाळी भजी, रात्री जेवण, सकाळी पोहे. आबांनी चष्मा लावून फोटो नीट बघितला. "हे तर जानवसं आहे," म्हणाले, "नवरदेव कुठंय?"

शेवटी भंडारदऱ्यावर गाडी आली. नांदेडहून तपोवन एक्सप्रेसनं नाशिक रोड, तिथून जीप. प्रवरेवरचं विल्सन धरण 1926 सालचं, म्हणजे वयानं आबांच्याही पुढचं; त्यामुळं त्याला थोडा मान मिळाला. पण अकोले तालुका म्हणताच आबा ताठ झाले. पंधरा ऑक्टोबरला जायकवाडी पासष्ट टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं, हा नियम त्यांना तोंडपाठ आहे. आमच्या गावाला जायकवाडीचा थेंब मिळत नाही, पण मराठवाड्याचा माणूस अशा हिशोबात तालुका बघत नसतो.

"म्हणजे आपलं पाणी त्यांनी अडवायचं आणि ते बघायला आपणच पैसे द्यायचे?"

बायको म्हणाली, "बघून तरी येऊ, आहे का नाही ते." यावर त्यांचं समाधान झालं. पाहणी म्हणून जायला त्यांची हरकत नव्हती.

आता काठ कुठला, हा प्रश्न. रतनवाडीच्या बाजूला अमृतेश्वराचं जुनं देऊळ आणि वर रतनगड. भाच्याचं मत तिकडं. बायको म्हणाली, कोरीव देऊळच बघायचं तर औंढा नागनाथ काय वाईट आहे, सहज जाऊन येता येतं. सांदण दरीचा व्हिडिओ बघून भाऊजींनी दोन खडकांमधली फट आणि स्वतःचं पोट यांचा मनातल्या मनात मेळ घातला आणि विषय बदलला. अक्कानं मात्र कळसूबाई धरली. उंची 1646 मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच, मधे लोखंडी शिड्या. बँकेचा एक जिना चढताना दोनदा थांबणारी ही बाई. पण माथ्यावर देवी आहे म्हटल्यावर गुडघ्यांचा प्रश्न तिच्या लेखी संपला. मग बारी गावापासून जवळ पडेल असा काठ बघायचं ठरलं.

बुकिंगचा फोन आबांनी लावला, स्पीकरवर.

"तंबू सपाटीला लावता का उताराला?"

"एकदम लेव्हल, काका."

"मग अवकाळी आला तर पाणी कुठून जातं?"

"डिसेंबरमध्ये नाही येत पाऊस."

"तुमच्याकडं विचारून येतो का तो?" पलीकडे नुसती खरखर. "बरं, वारा कुठून असतो रात्री?"

"लेक व्ह्यू आहे ना, काका. फुल."

"व्ह्यूचं नाही, वाऱ्याचं विचारू लालो."

माणूस हसला असेल, पण प्रश्न एकही फालतू नव्हता. आबांचा जन्म जागलीत गेला. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं आणि रोही, आणि लाईट रात्रीची असली की मोटार. दोन्हीसाठी शेतातल्या आखाड्यावर बाज टाकून पडायचं. त्यांना ठाऊक आहे की रात्री गार हवा उतरून सखल जागी साचते, म्हणून पाण्याला अगदी लागून झोपलं की पहाटे हाडं वाजतात. दव तिथंच जास्त, आणि तंबूचं दार गच्च लावलं तर आतल्या श्वासाचं पाणी कापडाला धरून पुन्हा तोंडावर टपकतं. थोडं वर सरकावं, ओघळ सोडावी, वाऱ्याकडं पाठ करावी. डोक्यावर वाळकी फांदी आणि अंगाखाली मुंगळ्यांचं वारूळ नसावं. मेंढ्या बसवायला जागा बघणारा धनगरही हेच बघतो. मोबाइलवरच्या साडेचार ताऱ्यांत यातलं काही येत नाही. ते तारे बहुतेक पोह्यांना असतात.

मी दोन प्रश्न पुढं केले. जमीन मालकीची आहे का, आणि पावती मिळेल का? हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या कुशीतला. कुठं तंबू चालतो, कुठं जाळ चालत नाही, हे आधी विचारलेलं बरं. रात्री अकराला वनरक्षकाशी ओळख करून घेण्यात मजा नाही. त्यानं दोन्हींना हो म्हटलं आणि उत्साहानं सांगितलं की बोनफायर एक्स्ट्रा आहे.

"म्हणजे काय?"

"शेकोटी, काका."

"शेकोटीचे पैसे?" आबांनी फोनकडं असं बघितलं की मला वाटलं बुकिंग गेलं. पण सरपण आपलं आणलं तर किती कमी होतील, असं त्यांनी विचारलं आणि नांदेडहून रेल्वेनं सरपण न्यायची कल्पना आम्ही सगळ्यांनी मिळून कशीबशी मोडून काढली.

आगाऊ रक्कम गेलीय, तिकिटं निघालीत. अडचण एवढीच, की नेमक्या त्याच आठवड्यात आमच्याकडं लाईट रात्रीची आहे आणि हरभऱ्याला घाटे धरलेत. त्या रात्री आखाड्यावर कोण झोपणार? गडी मागतोय त्या मजुरीत पवनेला एक तंबू येतो. यावर आबांनी तोडगा काढलाय. भाच्याचे पुण्यातले मित्र इकडं पाठवायचे. बाज आपली, शेकोटी फुकट, सकाळी पोहे. रात्री बाराला मोटार चालू करायची आणि पहाटेपर्यंत डुकरं हाकायची, हे ॲक्टिव्हिटीत धरायचं. माणशी आठशे रुपये लावावेत की हजार, एवढं भाच्याला विचारून घे, म्हणाले.