भाऊ ठाऊक, बहीण नाही

अहो वहिनी, काल तुमच्याकडून गिटार ऐकू येत होती. मुलीनं क्लास लावला वाटतं? छान केलंत. मग तिला सांगा, लंडनच्या आपल्या ह्या स्ट्रेटममध्येच एक गिटारवाली होऊन गेली. जो ॲन केली.

नाही ना ऐकलं नाव? वाटलंच मला. भावाचं विचारा, इथले जुने लोक लगेच सांगतील, डेव्ह केली, तो ‘द ब्लूज बँड’वाला. तो तिचा पाठचा भाऊ. ती १९४४ची, तो ४७चा. पण नाव झालं त्याचं. आता काय बोलायचं!

आणि गायची काय, तर कंट्री ब्लूज. म्हणजे अमेरिकेतल्या मिसिसिपीकडच्या कापसाच्या मुलखातलं काळ्या लोकांचं गाणं. एक माणूस, एक गिटार, संपलं. पण ते सोपं नव्हे हो. अंगठा जाड तारांवर ठेका धरून बसलेला, बाकीची बोटं बारीक तारांवर चाल काढतायत, आणि गळा तिसरीकडेच निघालेला. मध्येच बोटात काचेची नळी घालून तारांवरून घसरवायची. हे सगळं ही लंडनची पोरगी शिकली कुठे? बरंचसं जुन्या रेकॉर्डी ऐकून! इथंच ‘स्विंग शॉप’ म्हणून दुकान होतं, तिथं असल्या रेकॉर्डी मिळायच्या. मिसिसिपीकडचा जुना गायक चार्ली पॅटन, त्याचा तो खरखरीत, छातीतून येणारा आवाज. तसलं गाणं ही चष्मेवाली मुलगी पबमध्ये बसून गायची.

तिचं दैवत मात्र मेम्फिस मिनी. ती बाई तर आणखी वस्ताद! शिकागोत तिची आणि बिग बिल ब्रूंझी ह्या ब्लूजवाल्याची गिटारची चढाओढ लागली, बक्षीस दारूच्या बाटल्या. जिंकली मिनी, आणि हा बाप्या व्हिस्कीची बाटली उचलून पळाला! मी नाही सांगत, त्यानंच आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय. खरं-खोटं त्याचं त्याला माहीत, पण हरल्याचं कोण उगाच लिहील? आणि एवढ्या बाईच्या थडग्यावर धड दगड नव्हता. १९७३ला गेली, दगड बसला १९९६ला, तोही बॉनी रेट ह्या गायिकेनं पैसे दिले म्हणून.

हां, तर जो ॲन. १९६९ साल तिचं. मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेल, म्हणजे त्या मुलखातला खरा बुजुर्ग, लंडनला आला तेव्हा ही त्याच्याबरोबर गायली. त्याच वर्षी थेट मेम्फिसच्या महोत्सवात जाऊन आली. तिथं जाऊन त्यांचंच गाणं त्यांना ऐकवायचं, छाती लागते! शिवाय सीबीएस कंपनीनं तिच्या नावाची रेकॉर्ड काढली. मग काय, अमेरिकेतल्या कॅन्ड हीट बँडनं बोलावलं, गिटारवाल्या जॉनी विंटरनं बोलावलं. हो, वुडस्टॉकचा महोत्सव गाजवलेले तेच. आणि ही म्हणाली, नको.

लोक अजून हळहळतात, हातची लक्ष्मी घालवली म्हणून. मला नाही बाई पटत. विजेच्या गिटारींच्या त्या गोंगाटात हिचा अंगठा ऐकू तरी आला असता का? बरं, बँडचं वावडं होतं म्हणावं तर तसंही नाही. भावाबरोबर ‘ट्रॅम्प’मध्ये होतीच की, तिथं ढोलाला फ्लीटवुड मॅकचा मिक फ्लीटवुड. पुढे टेरी स्मिथच्या बँडमध्येही गायली. तिला इथं राहायचं होतं, ती राहिली. पुरुषानं असं केलं असतं तर ‘तत्त्वाचा माणूस’ म्हणाले असते!

वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. १९८८ला डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, बरीही झाली, ९०मध्ये भावाबरोबर पुन्हा दौऱ्यावर निघाली, आणि ऑक्टोबरात कोसळली ती गेलीच. सेहेचाळीस वर्षं, वहिनी.

मुलीला ती ६९ची रेकॉर्ड ऐकवा, भावाची नंतर. आणि हो, तारांनी बोटं सोलली म्हणून रडायला लागली तर क्लास सोडू देऊ नका. थोड्या दिवसांत घट्टे पडतात.